पीक विमा मंडळावर का मोजतात? हे गणित मांडणारे वि. म. दांडेकर

परभणी : सोयाबीनची काढणी उरकली की जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर एकच विषय निघतो. विमा येणार का आणि आला तर किती? जिंतूरच्या शेतकऱ्याला मिळाला, शेजारच्या मंडळातल्याला नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत एकाच्या खात्यावर पैसे पडले, दुसरा बँकेत चकरा मारतोय. माझं शेत पाण्यात गेलं तर माझंच नुकसान मोजा, मंडळाची सरासरी कशाला काढता, हा प्रश्न शेतकरी दरवर्षी विचारतो.

ही सरासरीची पद्धत मुंबई-दिल्लीतल्या एखाद्या साहेबानं मनाला येईल तशी ठरवलेली नाही. तिच्यामागे एका मराठी माणसाचं डोकं आहे. त्यांचं नाव विनायक महादेव दांडेकर. पेशानं ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना जाऊन तीस वर्षांवर काळ लोटला, पण पीक विम्याचं गणित, दारिद्र्यरेषा आणि मराठवाड्याचा अनुशेष या तिन्ही गोष्टींवर त्यांच्या कामाची छाप अजून आहे. परभणीच्या शेतकऱ्याच्या खिशाशी इतका जवळचा संबंध असलेला दुसरा अर्थतज्ज्ञ सापडणं कठीण.

साताऱ्यातून सुरुवात

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात झाला. त्यांचं मूळ शिक्षण संख्याशास्त्राचं, म्हणजे आकड्यांचं शास्त्र. कोलकाता विद्यापीठात हा विषय पदव्युत्तर पातळीवर नुकताच सुरू झाला होता आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखी मोठी माणसं तो विषय देशात रुजवत होती. दांडेकर तिथं शिकले आणि १९४० च्या दशकातच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले.

ही संस्था १९३० साली उभी राहिली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी तिच्यासाठी देणगी दिली होती. पहिले संचालक होते धनंजयराव गाडगीळ. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं सहकारी साखर कारखाना उभा करणारे गाडगीळ ते हेच. खेड्यात जायचं, घरोघर विचारायचं, मोजायचं आणि मगच बोलायचं, ही गाडगीळांच्या संस्थेची रीत. दांडेकर त्याच रीतीत तयार झाले. गाडगीळांनंतर १९६६ पासून १९८० पर्यंत त्यांनीच ही संस्था चालवली.

त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर याही त्याच संस्थेत काम करणाऱ्या नावाजलेल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ. कुटुंबनियोजन, खेड्यातल्या बायांचं काम आणि पुढे रोजगार हमीवर त्यांनी स्वतंत्र अभ्यास केला.

कागदावरचा कायदा आणि शिवारातली जमीन

स्वातंत्र्यानंतर कसेल त्याची जमीन हा शब्द सगळीकडे घुमत होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आपल्याकडं १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला. मुंबई राज्यात १९४८ चा कूळ कायदा होता. तो खेड्यात कितपत लागू झाला, हे दांडेकरांनी आपले सहकारी खुदानपूर यांच्यासोबत गावं हिंडून तपासलं. १९५७ साली तो अभ्यास पुस्तकरूपानं आला.

निघालं ते सरकारला न आवडणारं होतं. कायदा कुळाच्या बाजूनं होता, पण कित्येक ठिकाणी कुळांनी आपल्या मर्जीनं जमीन सोडल्याची नोंद झाली होती. आता पोटाची जमीन कोण कशाला मर्जीनं सोडील? मालकाचा दाब, उसनवारीचं ओझं आणि कायद्याची माहिती नसणं, या सगळ्यापुढं गरीब कूळ टिकत नव्हतं. कायदा केला म्हणजे काम झालं असं नसतं, गावात जाऊन पाहावं लागतं, हे या अभ्यासानं दाखवलं. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. कूळ कायद्याच्या वेळी कुणाच्या जमिनी राहिल्या आणि कुणाच्या गेल्या, याच्या गोष्टी अजून घराघरात आहेत.

पंधरा रुपयांची रेषा

१९७१ साली दांडेकरांचं नाव देशभर झालं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. रथ मूळचे ओडिशाचे, पण त्यांची सगळी कारकीर्द पुण्यात गेली. त्याच साली गरिबी हटवण्याच्या घोषणेवर लोकसभेची निवडणूक लढवली गेली. पण गरीब म्हणजे नेमका कोण, आणि असे किती लोक आहेत, याचं उत्तर नेत्यांकडं नव्हतं.

दोघांनी साधा प्रश्न धरला. माणसाला रोज पोटभर खायला किती लागतं? त्यांनी दिवसाला २,२५० उष्मांक हे माप घेतलं. तेवढं अन्न मिळवणारं कुटुंब महिन्याला एकूण किती खर्च करतं, हे सरकारी पाहणीच्या आकड्यांतून काढलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असं उत्तर आलं. त्या हिशेबानं खेड्यातली साधारण ४० टक्के आणि शहरातली साधारण ५० टक्के माणसं या रेषेखाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी होती. त्या दहा वर्षांत देशाचं उत्पन्न वाढलं होतं, पण वाढीचा मोठा वाटा वरच्या थरालाच मिळाला. तळातल्या माणसाच्या ताटात फारसा फरक पडला नव्हता.

यावर वादही झाला. पां. वा. सुखात्मे या दुसऱ्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी हे माप चुकीचं असल्याचं मांडलं. तेही सातारा जिल्ह्यातलेच. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही रोज बदलते, म्हणून सरासरीची काठी घेऊन माणूस उपाशी आहे की नाही हे ठरवता येत नाही. हा वाद बरीच वर्षं चालला. दोघंही हटले नाहीत. रेशन कार्डाचा रंग आणि बीपीएलची यादी यांवरून गावात जी भांडणं होतात, त्यांची मुळं शोधत मागं गेलं तर या रेषेपाशी जाऊन पोचतं.

हाताला काम

दारिद्र्य मोजून दांडेकर थांबले नाहीत. जमीन वाटून सगळ्यांचं भागणार नाही, कारण वाटायला तेवढी जमीनच नाही, असं त्यांचं मत होतं. ज्याच्याकडं शेत नाही, जनावर नाही, त्याला काम आणि मजुरी हवी. म्हणून सरकारनं खेड्यात बंधारे, रस्ते, मृदसंधारण अशी मोठी कामं काढावीत, असं त्यांनी आणि रथांनी सुचवलं. जादा धान्य वापरून अशी कामं कशी काढता येतील, याचा विचार त्यांनी १९५० च्या दशकापासूनच मांडला होता.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. परभणी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना खडी फोडण्याची कामं आणि सुकडी अजून आठवते. त्याच काळात राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचं श्रेय वि. स. पागे यांचं, ते दांडेकरांचं म्हणता येणार नाही. पण हाताला काम देणं हाच गरिबीवरचा थेट उपाय, हा विचार त्या वेळी ज्यांनी आकड्यानिशी देशापुढं ठेवला, त्यांत दांडेकर आणि रथ पुढं होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामावर बायांची संख्या किती मोठी आहे, हे कुमुदिनीबाईंनी नंतर आपल्या पाहणीतून दाखवून दिलं. २००५ साली केंद्रानं देशभरासाठी जो कायदा केला, त्याला महाराष्ट्राचाच धडा समोर होता.

विम्याचं कोडं

पीक विम्याचा विचार देशात स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला, पण सरकारं घाबरत होती. १९७० साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंही हे जमण्यासारखं नाही असाच सूर लावला. तरी १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर एक प्रयोग झाला. पुढं तो आणखी काही राज्यांत गेला. यात प्रत्येक शेतकऱ्याचं शेत वेगळं तपासायचं आणि त्याच्या नुकसानीप्रमाणं भरपाई द्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे आज शेतकरी जे मागतो, नेमकं तेच.

तो प्रयोग बुडाला. १९७८-७९ पर्यंत मिळून फक्त ३,११० शेतकरी त्यात आले. हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमा झाले आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. एक रुपया जमा, आठ रुपये खर्च. असा विमा कोट्यवधी शेतकऱ्यांपर्यंत कसा जाणार?

दांडेकरांनी १९७६ साली एक लेख लिहून या कोड्यावर वेगळा तोडगा सांगितला. त्यांचा विचार असा होता. लाखो शेतं एकेक करून तपासायला माणसं कुठून आणायची? शिवाय नुकसान पावसानं झालं की खुरपणी-फवारणी न केल्यानं, हे विमा कंपनीला कसं कळणार? ज्यानं मन लावून शेती केली त्याला कमी आणि ज्यानं हयगय केली त्याला जास्त, असा उलटा न्याय त्यात होऊ शकतो. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाचा खिसा गरम करण्याची वाटही मोकळी होते.

म्हणून शेत सोडून भाग धरा, असं त्यांनी सांगितलं. जिथली जमीन आणि पाऊसमान साधारण सारखं, असा एक भाग ठरवायचा. त्या भागात काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यातला मापाचा तुकडा कापायचा, मळायचा आणि वजन करायचं. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्यातून त्या भागाचं सरासरी उत्पन्न निघतं. ते ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेलं तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई. कुणाच्या शेतात जायचं नाही, कुणाच्या हातापाया पडायचं नाही.

हे गणित उदाहरणानं सोपं होतं. समजा एका मंडळात सोयाबीनचा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे. प्रयोगात ६ क्विंटल निघालं. म्हणजे तूट ४० टक्के. विम्याची रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर प्रत्येकाला हेक्टरी २० हजार रुपये मिळतील. ज्याला ९ क्विंटल झालं त्यालाही आणि ज्याला २ झालं त्यालाही. पण सरासरी ११ निघाली, तर ज्याचं पूर्ण वाहून गेलं त्याच्या हाती या हिशेबानं काहीच येत नाही. पद्धतीतली ही उणीव खरी आहे आणि दुखणं तिथंच आहे.

यातली एक गंमत अशी की पीक कापणीची शास्त्रीय पद्धत आपल्या देशात बसवणाऱ्यांत तेच सुखात्मे होते, ज्यांनी गरिबीच्या मापावरून दांडेकरांशी वाद घातला. एका वादात समोरासमोर उभे राहिलेले साताऱ्याचे हे दोघं पीक विम्यात मात्र एकत्र आले आहेत.

प्रयोगातून देशभर

दांडेकरांच्या सूचनेवरून १९७९ साली प्रायोगिक पीक विमा योजना सुरू झाली. १९८४-८५ पर्यंत १३ राज्यांत ६ लाख २७ हजार शेतकरी तिच्यात आले. हप्ता साधारण १ कोटी ९७ लाख जमला, भरपाई १ कोटी ५७ लाख गेली. हिशेब जुळतो हे दिसल्यावर १९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीक विमा योजना आली. ती पीक कर्जाला जोडलेली होती. यामागंही दांडेकरांचाच विचार होता. दुष्काळात पीक गेलं की शेतकरी सोसायटीचा थकबाकीदार होतो, पुढच्या वर्षी कर्ज मिळत नाही आणि तो सावकाराच्या दारात जातो. विम्यानं कर्ज फिटलं तर हे चक्र तुटेल, असा तो हिशेब होता.

त्या योजनेत कापूस आणि ऊस नव्हते. परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्याला तिचा उपयोग अर्धवटच झाला. १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि नगदी पिकं आत आली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. नावं बदलली, कंपन्या बदलल्या, आधी तालुका धरायचे ते आता महसूल मंडळ धरतात, पण पाया तोच राहिला. मधल्या काळात पूर, गारपीट अशा वेळी एकट्या शेताच्या पंचनाम्याची सोय जोडली गेली होती. महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा मिळू लागला. २०२५ च्या खरिपात ती सवलत बंद झाली आणि भरपाई पुन्हा पीक कापणीच्या आकड्यावरच आली. म्हणजे गाडी फिरून दांडेकरांच्या स्टेशनवर उभी राहिली.

म्हणूनच पीक कापणी प्रयोग हा शेतकऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा दिवस आहे. एका मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग व्हायला हवेत. शेत कोणतं निवडलं, तुकडा नीट मापून आखला का, वजन समोर झालं का, ओलावा किती धरला, यावर अख्ख्या मंडळाचे पैसे ठरतात. दांडेकरांच्या पद्धतीला दोन गोष्टी लागतात. एक, भाग लहान आणि सारखा असावा. दोन, प्रयोग प्रामाणिक असावा. गोदाकाठची काळी जमीन आणि जिंतूरकडचा डोंगराळ मुरमाड भाग एकाच मापात घातला, किंवा बांधावर न जाता कागदावर वजन लिहिलं, तर सरासरीचा अर्थच संपतो. विम्यासाठी उपोषणं आणि मोर्चे या जिल्ह्यानं पुष्कळ पाहिले. पण कापणीच्या दिवशी शेतात उभं राहून वजन पाहणारी गावं अजून कमीच आहेत.

मराठवाड्याच्या वाट्याचा हिशेब

परभणीशी दांडेकरांचा आणखी एक थेट संबंध आहे, तो अनुशेषाचा. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भाला विकासात न्याय्य वाटा देण्याचं ठरलं होतं. १९६० ला महाराष्ट्र झाला. पण वीस वर्षांनंतरही मराठवाड्यात रस्ते कमी, सिंचन कमी, दवाखाने कमी, ही ओरड थांबली नव्हती. अन्याय झाला म्हणायचं तर तो किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशा बाबी घेतल्या. प्रत्येक जिल्ह्यात काय आहे ते मोजलं आणि राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिलं. सरासरीपेक्षा जितकं कमी, तितका त्या जिल्ह्याचा अनुशेष. तो भरायला किती पैसे लागतील तेही काढलं. एप्रिल १९८४ मध्ये अहवाल आला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भ सुमारे १,२४७ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी.

मराठवाड्यातल्या अनेकांना हे पटलं नाही. जिल्हा हे माप धरल्यानं पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या मागं पडलेल्या जिल्ह्यांचाही अनुशेष निघाला आणि मराठवाड्याच्या हक्काचा वाटा पातळ झाला, अशी तक्रार झाली. दांडेकरांच्या बाजूनं उत्तर सरळ होतं. मागासलेला जिल्हा कुठल्याही विभागात असो, तो मागासलेलाच. सरकारनं अहवाल रीतसर स्वीकारला नाही, मात्र त्यातले आकडे पुढं निधी मागण्याचा आधार झाले. १९८४ च्या जुलैत विधिमंडळानं वैधानिक विकास मंडळांची मागणी केली आणि १९९४ साली ती मंडळं आली. त्याच वर्षाच्या स्थितीवर पुढच्या समितीनं पुन्हा मोजणी केली, तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ४,००० कोटींवर गेलेला दिसला. भाव वाढले होते हे खरं, पण दहा वर्षांत दरी बुजली नव्हती हेही तितकंच खरं. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

तरीही एक गोष्ट दांडेकरांनी करून दिली. त्यांच्या आधी मराठवाड्याचं मागासलेपण हे भाषणातलं गाऱ्हाणं होतं. नंतर ते कोटींच्या आकड्यात, जिल्हावार आणि खातेवार लिहिलेलं देणं झालं.

शेवटपर्यंत लिहीत

गोखले संस्थेतून बाहेर पडल्यावरही दांडेकरांचं काम थांबलं नाही. १९७० साली त्यांनी इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही वेगळी संस्था उभी केली होती. तिच्यातर्फे १९८९ पासून एक संशोधन नियतकालिक सुरू केलं आणि त्याचं संपादन केलं. भारताच्या अर्थव्यवस्थेवर दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. शेतीवरचा पहिला खंड १९९४ साली आला. लोकसंख्या, दारिद्र्य आणि रोजगारावरचा दुसरा खंड छापून आला तेव्हा ते हयात नव्हते. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचं निधन झालं. वयाची ७५ वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती.

दांडेकरांचा पुतळा कुठल्या चौकात नाही आणि त्यांची जयंती गावात कुणी करत नाही. पण यंदाही मंडळात पीक कापणीचे प्रयोग होतील. कृषी सहायक दोरी आणि वजनकाटा घेऊन कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये उतरेल. त्या दहा तुकड्यांच्या वजनावर हजारो खात्यांचा हिशेब ठरेल. तारीख तलाठी किंवा कृषी सहायकाला विचारून ठेवता येते आणि वजन होताना तिथं हजर राहता येतं.